काटा १०२.७ पर्यंत जातो का?

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)

आजचा विषय हौसेचा आहे. पण हौसेत पैसा जातो, आणि या हौसेत विजेचा झटका बसण्याचीही भीती असते. म्हणून जरा बैजवार बोलू या.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची आवड पुन्हा आली आहे. लाकडी पेटी, पुढे विणीचं कापड, काचेचा डायल आणि मागून झिरपणारा पिवळसर उजेड. लेक पुण्या-मुंबईला नोकरीला लागतो आणि आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला असा रेडिओ घेऊन येतो. कुणी जुन्या बाजारातून आणतं, कुणी मोबाइलवरून मागवतं. विकणारा छातीठोकपणे सांगतो की यात एफएमसुद्धा आहे. घरी आणून लावला की दिवा लागतो, पेटी कोमट होते, खरखरही येते. पण आपलं यवतमाळ आकाशवाणी केंद्र काही लागत नाही. मग घरात म्हणतात, फसवलं, रेडिओ खराब आहे.

बरेचदा तो खराब नसतो. तो दुसऱ्या देशासाठी बनलेला असतो, एवढंच. त्याचा काटा जिथे थांबतो, त्याच्या पुढे आपलं केंद्र सुरू होतं. असं का झालं, हे कळायला शंभरेक वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. तो कळला की रेडिओ कोणता घ्यावा, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी आपल्याकडच्या व्हॉल्व्ह रेडिओची गोष्ट. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते, तिच्यातून विजेचे सूक्ष्म कण सुटतात आणि मधल्या जाळीवरून त्यांना कमी-जास्त सोडता येतं. पाटाच्या पाण्याला फळी लावून आपण पाणी कमी-जास्त करतो, तसंच. जाळीवर आलेला अशक्त इशारा पुढे मोठा होऊन निघतो. तार तापायला अर्धा मिनिट लागतं, म्हणून तो रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. पण मुंबई आपल्यापासून फार लांब. वऱ्हाडाला जवळचं केंद्र मिळालं ते स्वातंत्र्यानंतर, १६ जुलै १९४८ ला, नागपूरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि आपला यवतमाळ जिल्हाही त्याच राज्यात होता. त्यामुळे नागपूर केंद्र मराठीत बोले आणि हिंदीतही बोले. नागपूर आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर. तिथला आवाज मध्यम लहरींवरून, म्हणजे मीडियम वेव्हवरून येई. या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री आभाळातल्या वरच्या थरावर आपटून आणखी लांब पोचतात.

ज्यांच्याकडे वीज आणि पैसा होता, त्यांच्या घरी मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही असा एखादा सेट आला. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथले कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर यांची ती घरं. रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे. तो पोस्टातून मिळे आणि दरवर्षी फी भरून नवा करावा लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. खेड्यात वीजच नव्हती. तिथे रेडिओ आलाच तर जड कोरड्या बॅटरीवरचा. तोही बहुधा चावडीवर किंवा पंचायतीत. आणि चावडीवर बसून ऐकणं ही तेव्हा बायकांची गोष्ट नव्हती.

घरातही वेगळं नव्हतं. रेडिओ बैठकीत असे, बाई स्वयंपाकघरात असे. तिने ऐकलं ते भिंतीआडून. खुंटी फिरवायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. सगळ्याच घरांत असं होतं असं मी म्हणत नाही. मुंबई केंद्राचं ‘वनिता मंडळ’ खास बायकांसाठी होतं. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू केलं, ग. दि. माडगूळकरांचं आणि सुधीर फडक्यांचं, छप्पन्न गीतांचं. ते लागलं की रेडिओला हार घालून आणि उदबत्ती लावून ऐकणारी घरं महाराष्ट्रात होती. ती पेटी म्हणजे घरातलं मानाचं ठिकाण होतं. पण मानाच्या वस्तूला कुणी हात लावायचा, हे ठरलेलं असे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडच्या या सेटवर पट्टे कोणते होते? एक मीडियम वेव्ह आणि एक-दोन शॉर्ट वेव्ह. शॉर्ट वेव्हला मोल आलं ते सिलोनमुळे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गाणी ऐकायची तर शॉर्ट वेव्ह असलेला सेट हवा, हे लोकांना कळलं आणि कंपन्यांनाही कळलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती काढली. या सगळ्या काळात आपल्या देशात एफएमचं एकही केंद्र नव्हतं. म्हणून इथे विकलेल्या व्हॉल्व्ह सेटवर एफएम दिलं जात नव्हतं. आजोबांचा मर्फी आज माळ्यावरून काढून दुरुस्त केला, तर तो नागपूर लावून देईल. पण एफएम देणार नाही. त्यात तो पट्टाच नाही.

मग एफएम असलेले व्हॉल्व्हचे रेडिओ आले कुठून? त्यासाठी थोडं परदेशात जाऊ.

एफएम शोधलं अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी. हे नाव आपल्याला परकं वाटेल, पण आजोबांच्या मर्फीतही त्यांचा हात होता. आलेल्या लहरीची वारंवारता आतल्या आत बदलून मग ती वाढवायची, ही सुपरहेटरोडाइन नावाची रीत त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात काढली. त्यानंतरचे जवळजवळ सगळे घरगुती रेडिओ त्याच रीतीवर चालले. त्यांच्यापुढे राहिलेला प्रश्न होता खरखरीचा. जूनमध्ये पहिला पाऊस येताना मीडियम वेव्ह लावून बघा. वीज चमकली की रेडिओत कडकड होते.

असं का होतं? समजा, पलीकडच्या गल्लीतल्या बाईला टाळ्या वाजवून निरोप द्यायचा आहे. एक रीत अशी की टाळी कधी जोरात, कधी हळू वाजवायची. मधून बँडबाजा गेला की सगळा घोळ होतो, कारण त्याचा आवाज टाळीत मिसळतो. दुसरी रीत अशी की जोर सारखाच ठेवायचा आणि टाळ्यांचा वेग बदलायचा, कधी भरभर, कधी सावकाश. बँड वाजला तरी वेग ओळखू येतो. मीडियम वेव्हची रीत पहिली. एफएमची रीत दुसरी. विजेची कडकड लहरीचा जोर बिघडवते, वेग सहसा बिघडवत नाही. म्हणून एफएमचा आवाज स्वच्छ.

आर्मस्ट्राँग यांना याचे पेटंट १९३३ मध्ये मिळाले. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या इंजिनियरांपुढे ते ऐकवून दाखवलं. पण मोठ्या कंपन्यांचा पैसा जुन्या पद्धतीत आणि नव्या टेलिव्हिजनमध्ये गुंतलेला होता. १९४५ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने एफएमचा पट्टाच हलवला. आधी तो ४२ ते ५० मेगाहर्ट्झ होता. तो उचलून ८८ च्या वर नेला आणि थोड्याच काळात ८८ ते १०८ असा ठरला. लोकांनी घेतलेले लाखो एफएम सेट त्या निर्णयाने निकामी झाले. म्हणजे काटा पोचत नाही ही आपली तक्रार नवी नाही. अमेरिकेतल्या घरांनी ती आपल्या आधी सोसली आहे.

पेटंटच्या हक्कांसाठी आर्मस्ट्राँग कोर्टात लढत राहिले. पैसा संपला, मन खचलं आणि १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी जीव दिला. इथे त्यांच्या पत्नी मॅरियन यांचं नाव घ्यायला हवं. १९२३ मध्ये लग्न झालं, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी त्यांना भेट म्हणून स्वतः बनवलेला, उचलून नेता येईल असा रेडिओ दिला होता. नवऱ्याच्या मागे मॅरियननी खटले सोडले नाहीत. सगळ्यात बलाढ्य कंपनीशी त्याच वर्षी तडजोड झाली आणि दहा लाख डॉलर्सच्या घरात रक्कम मिळाली. शेवटचा खटला त्यांनी १९६७ मध्ये जिंकला. तेरा वर्षं. एफएम कुणी शोधलं, याचं उत्तर आज कायद्याने निर्विवाद आहे, ते त्या बाईच्या चिकाटीमुळे.

आता जर्मनीकडे वळू, कारण बाजारात येणारे एफएमचे देखणे व्हॉल्व्ह रेडिओ बरेचसे तिथले असतात. जर्मनी युद्ध हरली. १९४८ मध्ये कोपनहेगनला युरोपातल्या देशांची बैठक झाली आणि मीडियम वेव्हच्या वारंवारता वाटून घेतल्या गेल्या. हरलेल्या जर्मनीच्या वाट्याला फार थोड्या आल्या. केंद्रं चालवायची तर दुसरी वाट शोधणं भाग होतं. ती वाट एफएमची होती. २८ फेब्रुवारी १९४९ ला म्युनिकहून तिथलं एफएम सुरू झालं. अडचणीतून निघालेली ही गोष्ट इतकी जोरात चालली की १९५० च्या दशकात ग्रुंडिग, टेलिफुंकेन, साबा, ब्लाउपुंक्ट, नॉर्डमेंडे या कंपन्यांनी एकाहून एक सरस सेट काढले. त्यांच्यावर एक कळ असते, तिच्यावर रोमन लिपीत यूकेडब्ल्यू ही अक्षरं असतात. अतिलघु लहर या अर्थाच्या जर्मन शब्दाची ती आद्याक्षरं. ती कळ म्हणजेच एफएम. समोर हिरवा दिवा असतो, त्याला मॅजिक आय म्हणतात. स्टेशन नीट लागलं की त्याच्या दोन हिरव्या पाकळ्या जवळ येतात.

इंग्लंडमध्ये बीबीसीचं एफएम मे १९५५ मध्ये सुरू झालं. तिथल्या सेटवर व्हीएचएफ असं लिहिलेलं असतं. बुश आणि मर्फी ही आपल्या ओळखीची नावं. त्यांचे विलायतेत विकलेले नंतरचे सेट एफएमचे असतात. म्हणून नाव तेच दिसलं तरी सेट इथला की तिथला, ते डायल वाचूनच ठरवावं.

आणि खोच इथेच आहे. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये त्या काळी एफएमचा पट्टा साधारण ८७ पासून १०० मेगाहर्ट्झपर्यंतच वापरात होता. वरचा भाग पोलीस वगैरे इतर कामांना होता. म्हणून त्या सेटचा काटा १०० वर थांबतो. पुढे जागाच नाही.

भारतात एफएम कधी आलं? २३ जुलै १९७७ ला, मद्रासला. तोवर व्हॉल्व्हचे दिवस सरत आले होते आणि घरोघर ट्रान्झिस्टर आला होता. पुढे ३० ऑक्टोबर १९८४ ला नागरकोइलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं निघाली. आपलं यवतमाळ केंद्र त्यांतलंच. ते आहे १०२.७ मेगाहर्ट्झवर. आता शेजारची केंद्रं पाहा. अकोला १०२.४. चंद्रपूर १०३. नांदेड १०१.१. नागपूरची विविध भारती १००.६. वणीकडच्या बाईला चंद्रपूर लागू शकतं, उमरखेडकडच्या बाईला नांदेड. पण एकही केंद्र शंभराच्या आत नाही. म्हणजे १९५५ चा जर्मन रेडिओ, कितीही चांगला असो, आपल्या जिल्ह्यातलं आकाशवाणीचं एकही एफएम केंद्र धरणार नाही. व्हॉल्व्ह आणि एफएम यांची आपल्याकडे कधी गाठच पडली नाही. ती पाडायची तर पारखून घ्यावं लागतं.

तर आता पारख.

पहिली गोष्ट, डायलवरचे आकडे. विकणाऱ्याकडून डायलचा जवळून काढलेला फोटो मागवा. ८८ ते १०८ असेल तर उत्तम. असे सेट प्रामुख्याने अमेरिकेसाठी बनलेले असतात. जर्मन आणि जपानी कंपन्यांनीही अमेरिकेला पाठवायला असे सेट काढले होते. ८७ ते १०० असेल तर तो युरोपातल्या घरचा. ७६ ते ९० असेल तर जपानमधल्या घरचा, कारण जपानचा पट्टा तेवढाच होता. ६५ ते ७३ च्या आसपास असेल तर सोव्हिएत रशियाकडचा, आणि तो आपल्याला एफएमसाठी निरुपयोगी. काही ठिकाणी आकडे मेगाहर्ट्झमध्ये नसतात, नुसते १, २, ३ असे असतात. तिथे विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: काटा १०२.७ पर्यंत जातो का? आणि ते केंद्र लावून दाखवा म्हणा.

जाणता मेकॅनिक जर्मन सेटमधलं कॉइल थोडं बदलून पट्टा वर सरकवू शकतो. मग १०२.७ लागतं. पण डायलवरचे आकडे खोटे पडतात आणि खालची काही केंद्रं हातची जातात. चालणार असेल तर करा, पण हे आधी माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट, वीज. अमेरिकेचा सेट ११० ते १२० व्होल्टचा असतो. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. सरळ लावला तर आत काय जळेल सांगता येत नाही. मधे उतरता ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो सेटला लागणाऱ्या वॅटहून थोडा मोठा हवा. जर्मन सेटच्या पाठीमागे बहुधा व्होल्ट निवडायची चकती असते. ती २२० किंवा २४० वर आहे का, हे आधी बघावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पन्नास-साठ वर्षं बंद पडलेला सेट घरी आणल्याबरोबर प्लगमध्ये घालू नका. त्यातले कागदी कंडेन्सर ओल धरून खराब झालेले असतात, मोठे कंडेन्सर वाळलेले असतात. आधी मेकॅनिककडून ते बदलून घ्यावेत. आत अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढला तरी तो कंडेन्सरमध्ये काही वेळ टिकतो. मागचा पुठ्ठा काढून धूळ पुसायला जाऊ नका. काही स्वस्त सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांत चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, सरळ घरच्या विजेला जोडलेला असतो. खुंटीची टोपी निघून नुसता धातूचा दांडा उरला असेल तर त्याला हात लावणं धोक्याचं. लहान मुलांच्या घरात असा सेट न घेतलेला बरा.

चौथी गोष्ट, पेटी हवी की ट्यूनर हवा? ट्यूनरमध्ये स्पीकर नसतो. तो केंद्र धरतो आणि आवाज वेगळ्या अँप्लिफायरला देतो. अमेरिकेत १९६० च्या आसपास फिशर, स्कॉट, मॅकिन्टॉश, मॅरान्ट्झ यांनी व्हॉल्व्हचे असे ट्यूनर बनवले आणि शौकीन लोक आजही ते शोधतात. १९६१ मध्ये अमेरिकेने स्टिरिओ प्रसारणाला मान्यता दिली, म्हणून त्याच्या आधीचा ट्यूनर एका कानाचाच असतो. बोलणं, बातम्या, भावगीतं ऐकायला एका कानाचा पुरतो. घरात चांगला अँप्लिफायर आधीच असेल तरच ट्यूनर घ्यावा. नाहीतर स्पीकरसकट पेटी बरी. अमेरिकेच्या सेटवर आपला आवाज किंचित दबका वाटतो, कारण उंच सूर आवरण्याचं तिथलं माप आपल्याहून वेगळं आहे. एक-दोन दिवसांत कान सरावतो.

पाचवी गोष्ट, एरियल. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगराआड सहसा वळत नाही. आपला जिल्हा घाटमाथ्याचा आणि दऱ्यांचा. यवतमाळच्या पठारावर सोपं जाईल, पुसदकडे पैनगंगेच्या खोऱ्यात अवघड जाईल. दोन तारा घ्या, प्रत्येकी सुमारे सत्तर सेंटिमीटर, टी अक्षरासारख्या आडव्या पसरा आणि मधून चपटी दुहेरी वायर खाली सेटपर्यंत आणा. छताजवळ, केंद्राच्या दिशेला आडव्या राहतील अशा बांधा. पावसाळ्यात गच्चीवर उघडा एरियल ठेवून रेडिओ चालू ठेवू नका.

आणखी एक. व्हॉल्व्ह तापत जातो तसं स्टेशन थोडं सरकतं. दहा-पंधरा मिनिटांनी खुंटी जराशी फिरवावी लागते. ते बिघडलेलं नाही, तो त्याचा स्वभाव आहे. काही सेटमध्ये स्टेशन धरून ठेवायची एएफसी नावाची सोय असते. ती असेल तर बरं. आणि असा सेट चाळीस ते साठ वॅट खातो, म्हणजे आपल्या पाच-सहा एलईडी दिव्यांइतकी वीज. लोडशेडिंग झालं की तो गप्प.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग एवढा खटाटोप कशाला? रास्त प्रश्न आहे. नुसतं केंद्र ऐकायचं असेल तर सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर किंवा एफएम असलेला साधा मोबाइल पुरे आहे. मला तर वाटतं, बाईच्या हाती रेडिओ दिला तो व्हॉल्व्हने नव्हे, ट्रान्झिस्टरने. तो उचलता आला, चुलीजवळ ठेवता आला, निंदणीला जाताना धुऱ्यावर नेता आला. खुंटी तिच्या बोटात आली. व्हॉल्व्हचा रेडिओ घराचा होता, ट्रान्झिस्टर तिचा झाला. म्हणून व्हॉल्व्हचा सेट घ्यायचा तर त्या भारदस्त, उबदार आवाजासाठी घ्या, त्या कारागिरीसाठी घ्या. जुना काळ सगळ्यांसाठी सोन्याचा होता, अशा समजुतीने घेऊ नका.

शेवटी थोडं आपल्या लहरीबद्दल. नागपूरला आकाशवाणीचं एक अवाढव्य मीडियम वेव्ह प्रक्षेपक यंत्र उभारलं गेलं होतं, एक हजार किलोवॅटचं, म्हणजे दहा लाख वॅटचं. १९८८ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय चॅनल रात्री त्याच्यावरून देशभर जाई. आणि सामुदायिक रेडिओला परवानगी किती? साधारणपणे शंभर वॅटची. दहा हजार पट कमी. आपला आवाज आसपासच्या काही गावांतच पोचतो आणि डोंगर आला की थांबतो.

पण याच मर्यादेमुळे जागा झाली. जी लहर लांब जात नाही, तीच वारंवारता दूरच्या दुसऱ्या गावाला पुन्हा देता येते. मीडियम वेव्हवर हे एवढ्या सहज जमत नाही. तिथे रात्री एकाचा आवाज दुसऱ्यावर चढतो. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची किंवा कुणा कंपनीची मक्तेदारी नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीवर बायका बोलू लागल्या. पूर्वी भिंतीआडून ऐकणाऱ्या बायका आता माइकसमोर बसतात.

या दोन्ही केंद्रांचा आकडा आहे ९०.४. सामुदायिक रेडिओला बहुतेक ठिकाणी नव्वदीच्या आसपासचेच आकडे मिळाले. म्हणजे गंमत बघा. १०० वर थांबणारा तो जुना जर्मन रेडिओ यवतमाळ आकाशवाणी धरणार नाही. पण म्हसवडच्या एखाद्या घरात ठेवला, तर तिथल्या बायकांचा आवाज तो खणखणीत धरेल. म्युनिकच्या कारखान्यात वा आणखी कुठे तो बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही हे नसेल.

म्हणून मैत्रिणींनो, रेडिओ घेताना लाकडाची चकाकी मागाहून बघा. आधी चष्मा लावा आणि डायल वाचा. आपल्या गावात कोणती केंद्रं लागतात, त्यांचे आकडे एका कागदावर लिहून बाजारात जा. त्या आकड्यांवर काटा पोचत असेल, मेकॅनिकने आतून तपासून दिला असेल आणि किंमत खिशाला झेपत असेल, तर खुशाल घ्या. आणि तो घरी आला की बैठकीत मिरवायला ठेवा, हरकत नाही. फक्त खुंटी फिरवायला कुणाला हाक मारू नका. स्वतः उठा आणि फिरवा.